हातगुण

मामांना हातगुण आहे, असं पोलाद कारखान्यात सगळे मानत. एखाद्या डॉक्टरला असतो तसा. चाचणीघरात आधीच्या माणसांनी तुकडा मोडला की काटा पंचेचाळिसावर नाहीतर अठ्ठेचाळिसावर रेंगाळायचा आणि प्लेट नापास व्हायची. मामांनी मोडला की काटा पन्नाशी ओलांडून पुढे जायचा. पन्नास म्हणजे पास. भट्टीवरचे लोक एखादी प्लेट जरा संशयाची वाटली तर विचारायचे, "पाळीवर कोण आहे, मामा? मग जाऊ दे, बिनघोर पाठव."

मामा यावर काही बोलत नसत. मुळात ते बोलतच कमी. स्तुती झाली की चष्मा काढून पुसायचे आणि पुन्हा घालायचे, एवढंच. पण मनात कुठेतरी त्यांनाही ते खरं वाटायचं. बावीस वर्षं सगळे एकच गोष्ट सांगत असतील तर माणूस किती दिवस नाही म्हणेल?

काम तसं साधं होतं. युद्धनौकेच्या बुडाला लागणारी जाड प्लेट लाटून झाली की तिच्या कडेचा एक ठोकळा कापायचा. त्यातून करंगळीएवढे चौकोनी तुकडे काढून प्रत्येकाच्या मध्यावर खाच पाडायची. पोलाद थंडीत ठिसूळ होतं. उन्हात घणाचे घाव सोसणारी प्लेट कडाक्याच्या गारठ्यात बिस्किटासारखी मोडू शकते, आणि जहाजाला तर कुठल्याही पाण्यात जावं लागतं. म्हणून ते तुकडे कोरडा बर्फ घातलेल्या स्पिरिटच्या टाकीत उणे चाळीसपर्यंत गार करायचे, चिमट्याने उचलायचे, पाच मोजायच्या आत यंत्रावर ठेवायचे आणि खटका ओढायचा. वरून झोके घेत हातोडा येतो, तुकडा मोडून पलीकडे जातो. तुकडा जेवढा झुंजला तेवढा काटा वर चढतो. एका प्लेटचे तीन तुकडे. झालं.

मामांच्या बोटांना मात्र हे काम सोसवलं नाही. चिमटाही टाकीतच ठेवायचा असे, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्या बर्फासारख्या लोखंडाला त्यांची बोटं चिकटली. तर्जनीची कातडी सालीसारखी निघाली. घरी बायकोने ते पाहिलं, तोंडाने बरंच काही बोलली, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या फ्लॅनेलच्या परकराचा तुकडा कापून चिमट्याच्या मुठीसाठी अभ्रा शिवून दिला. दोन चिमटे, दोन अभ्रे. फ्लॅनेल स्पिरिटमध्ये बुडवलं तर लाकडासारखं ताठ व्हायचं. म्हणून मामा चिमटे टाकीत न ठेवता भिंतीवरच्या वाफेच्या नळाशेजारी खिळ्याला अडकवू लागले. तिथे ते कोरडे राहायचे. ऊबदार राहायचे.

त्याच हिवाळ्यापासून मामांना हातगुण आला.

हे दोन्ही एकाच वेळी झालं हे बावीस वर्षांत कुणाच्याही ध्यानात आलं नाही. मामांच्याही नाही. बायको गेली त्याला आता सहा वर्षं झाली होती. अभ्रे विटून राखाडी झाले होते, पण टाके अजून शाबूत होते.

*

मामांची मुलगी बंदराच्या गावात राहायची. जावई तिथल्या गोदीत वेल्डर होता. कारखान्यातून प्लेटा जायच्या आणि जावई त्या जोडायचा. मामांना याचा फार अभिमान, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नव्हता. जावईच गमतीने म्हणायचा, "मामा, तुम्ही मोडून पाठवता, मी जोडून पाठवतो. सरकार आपल्या दोघांना कशाला पगार देतं कळत नाही!"

थंडीच्या एका पहाटे गोदीत नव्या जहाजाच्या बुडाचा एक भाग क्रेनने उचलत होते. अर्ध्या उंचीवर असताना तोफ उडावी तसा आवाज झाला. प्लेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाटली आणि तिचा खालचा तुकडा सुटून पडला. खाली एक रंगारी आपले डबे गोळा करत होता. तो जागीच गेला. त्याला तीन मुलं होती.

चीर जावयाच्या सांध्याजवळून निघाली होती. दोन दिवसांत त्याचा परवाना काढून घेतला, चौथ्या दिवशी पोलिसांनी जबानी घेतली, आणि दहाव्या दिवशी मुलगी बापाच्या दारात उभी राहिली. हातात पिशवी नव्हती की काही नव्हतं. पहिल्या बसने निघून आली होती.

"बाबा, ते म्हणतात सांधा कच्चा होता. म्हणतात मुद्दाम घाई केली."

"जावईबापू काय म्हणतात?"

"ते काही म्हणतच नाहीत. जेवत नाहीत. हात बघत बसतात. परवा मला म्हणाले, असेल गं, झोप झाली नव्हती त्या दिवशी, झालं असेल माझ्याकडून." तिने पदराने नाक पुसलं. "बाबा, ते रोजच पाचला उठतात. कुठल्या दिवशी झोप झालेली असते त्यांची?"

मामांनी पाण्याचा पेला पुढे केला. तिने घेतला नाही.

"आता नौदलाचे लोक तुमच्याकडे येणार आहेत. त्याच प्लेटचे तुकडे तुमच्याच यंत्रावर पुन्हा मोडून बघणार. प्लेट नापास झाली तर हे सुटले. पास झाली तर..." तिने बापाकडे पाहिलं. "प्लेट तुम्हीच पास केली होती ना?"

"हो."

"नीट केली होती ना बाबा?"

तिला खरं म्हणजे उलट उत्तर हवं होतं. ते दोघांनाही कळलं, आणि दोघंही जमिनीकडे बघू लागले.

*

रविवारी चाचणीघर बंद असे. पण किल्ली मामांकडेच होती. त्यांनी कपाटातून नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं. बावीस वर्षांत ते उघडल्याचं त्यांना आठवत नव्हतं. कशाला उघडायचं? सगळं हातात बसलं होतं.

एकेक ओळ बोटाने वाचत गेले. खाचेची खोली, टाकीचं तापमान, वेळ. आणि मग ती ओळ आली: तुकडा उचलण्याचा चिमटाही त्याच द्रवात, तुकड्याइतकाच गार केलेला असावा.

ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. शेजारी बारीक अक्षरात 'महत्त्वाचं' असं लिहिलं होतं. अक्षर त्यांचंच. नोकरीला नवे लागले होते तेव्हाचं.

मामांनी पुस्तक मिटलं. मग उठले. प्रत्येक प्लेटच्या ठोकळ्याचा उरलेला भाग पाच वर्षं फळीवर ठेवायचा नियम होता. फाटलेल्या प्लेटचा उरलेला भाग तिथेच होता, आणि त्यातले खाच पाडून ठेवलेले दोन जादा तुकडेही. त्यांनी टाकीत बर्फ घातला. तापमानाचा काटा उणे चाळीसवर आला.

पहिला तुकडा त्यांनी नेहमीसारखा उचलला. खिळ्यावरचा चिमटा, फ्लॅनेलचा अभ्रा, बरोबर खाचेपाशी पकड, आणि नेहमीचं निवांत मोजणं. एक... दोन... तीन... खटका. काटा अठ्ठावन्न. तुकडा नुसता वाकून फाटला होता, करड्या तंतूंसारखा.

मग त्यांनी अभ्रा काढला आणि चिमटा टाकीत सोडला. पंधरा मिनिटं थांबले. हातमोजे शोधले, ते सापडले नाहीत, तसाच हात घातला. बोटं आधी जळल्यासारखी झाली, मग आपली राहिलीच नाहीत. खटका.

आवाजच वेगळा आला. काच फुटावी तसा. काटा सोळा.

दोन्ही अर्धुकं लांब उडून भिंतीपाशी पडली होती. मामांनी ती उचलली. मोडलेला भाग साखरेच्या खड्यांसारखा चमकत होता.

गरम चिमटा खाचेला चिकटायचा तेवढ्या चार-पाच क्षणांत नेमकी तीच जागा ऊब धरायची. एवढंच होतं. हातगुण एवढाच होता.

त्यांनी जुन्या वह्या काढल्या नाहीत. काढायची गरज नव्हती. बावीस वर्षांत कारखान्याच्या प्लेटांनी बांधलेली सात जहाजं पाण्यात होती. सगळ्याच प्लेटा वाईट असतील असं नाही. बऱ्याचशा चांगल्याही असतील. पण कुठली चांगली आणि कुठली वाईट, हे सांगायला आता देवही पुढे आला नसता.

सोमवारी कारखान्याच्या मोठ्या साहेबांना सांगू, असं त्यांनी ठरवलं. सोमवारी साहेबांच्या खोलीबाहेर ते दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी दार उघडंच होतं. साहेबच म्हणाले, "या मामा! बुधवारी पाहुणे येतायत. तुमच्या जावयाचं कळलं, वाईट झालं. पण तुम्ही सरळ माणूस, तुमच्यावर माझा विश्वास आहे. दोन नव्या जहाजांची ऑर्डर अडकली आहे यात. तीन हजार घरांची चूल आहे, बरं का."

मामांनी चष्मा पुसला. "हो साहेब," एवढंच तोंडातून आलं. बाहेर आल्यावर त्यांना स्वतःची अशी किळस आली की कँटीनचा चहाही त्यांनी मोरीत ओतून टाकला. मग मनाशी म्हणाले, बोलायचं कशाला? यंत्रच बोलेल. बुधवारी चिमटा टाकीत ठेवायचा. बस.

भित्र्या माणसाला आपला भित्रेपणा असा कधी कधी शहाणपणासारखा दिसतो.

*

बुधवारी चाचणीघरात सहा माणसं होती. मोठे साहेब, नौदलाचे कमांडर, त्यांचा टिपणं घेणारा, गोदीचा वकील, मामा, आणि मामांच्या हाताखालची बाई. ती पूर्वी शाळेत शिकवायची, म्हणून तिला सगळे मास्तरीण म्हणत. सगळ्यांच्या नोंदींतल्या चुका ती लाल पेनाने काढायची. बारा वर्षं ती मामांकडे बघून काम शिकली होती, आणि ते त्यांच्यासारखंच करायची, मोजणंसुद्धा त्यांच्याच तालात.

ठोकळ्यातून काढलेले नवे तुकडे टाकीत होते. मामांनी अभ्रा नसलेला चिमटाही त्यात सोडला. मास्तरणीने भुवया उंचावल्या. "मामा, अहो हात! साल निघेल."

"निघू दे."

पहिला तुकडा: पंधरा. दुसरा: चौदा. तिसरा: सतरा. तिन्ही वेळा काच फुटल्याचा आवाज. वकिलाने पेन वर धरलं ते खाली आणलंच नाही. टिपणं घेणाऱ्याने आकडे लिहून घेतले. मामांच्या बोटांतून रक्त आलं होतं, पण त्यांना हलकं वाटत होतं. झालं. जावई सुटला.

मोठे साहेब खाकरले. "मामांचा हात थरथरतोय. बघा ना, रक्त येतंय. जावयाची काळजी आहे, माणूसच आहे शेवटी. तुकडा नीट बसला नसणार." मग कमांडरकडे वळून, "नियमात फेरचाचणी आहे. दुसऱ्या व्यक्तीकडून."

"आहे," कमांडर म्हणाले.

"मास्तरीणबाई, या."

मास्तरीण पुढे झाली. तिने खिळ्यावरचा आपला चिमटा घेतला. फ्लॅनेलचा अभ्रा नीट सरकवला. एक... दोन... तीन... खटका. छप्पन्न. एकसष्ट. चौपन्न.

कामगिरी चोख झाल्यावर शाळेतल्या हुशार मुलीसारखी तिने मान वर केली, आणि मामांचा चेहरा बघून तिची मान तशीच राहिली.

"चिमटा गरम आहे तिचा," मामा म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की वकिलाने "काय?" असं विचारलं.

"चिमटा गरम आहे. टाकीत ठेवायचा असतो. पुस्तकात आहे. खाच गरम होते, म्हणून आकडा चढतो."

"बाई," मोठे साहेब हळूच म्हणाले, "तुम्हाला असंच शिकवलंय?"

मास्तरणीने मामांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामांनीच शिकवलं."

"म्हणजे मामा, आजपर्यंत तुम्ही चुकत होता? का आज चुकताय?"

"आजपर्यंत," मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी समोरच्याच्या डोळ्यांत बघून काही सांगितलं असेल. "बावीस वर्षं."

कमांडरनी टोपी काढून टेबलावर ठेवली. ते मनातल्या मनात काहीतरी मोजत होते, ओठ किंचित हलत होते. मामांना कळलं ते काय मोजतायत. सातपर्यंत.

"सगळे जरा बाहेर थांबा," ते म्हणाले. "मामा, तुम्ही थांबा."

दार लागल्यावर त्यांनी मोडलेलं एक अर्धुक उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं. त्यांना ते वाचता येत होतं, हे मामांना त्यांच्या धरण्यावरूनच समजलं.

"खरं आहे तुमचं," कमांडर म्हणाले.

"हो साहेब."

"सात जहाजं. प्रत्येकावर दोनशे-अडीचशे माणसं. उद्या हे बाहेर फुटलं, तर सातही गोदीत आणून बांधावी लागतील. समुद्र मोकळा, राखायला कुणी नाही. आणि ज्यांना हे कळायला नको, त्यांना आधी कळेल. जहाजांचं मी बघतो. गार पाण्यात जाणार नाहीत एवढं माझ्या हातात आहे. प्लेटा हळूहळू बदलू. कुणाला कळू न देता."

"आणि जावई?"

कमांडरनी अर्धुक टेबलावर ठेवलं, अगदी अलगद. "निष्काळजीपणाचं कलम आहे. फार तर दोन वर्षं."

"त्याचा सांधा चांगला होता साहेब."

"माहीत आहे."

हे 'माहीत आहे' मामांना जन्मभर पुरणार होतं. त्यांनी आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. ओरडायला हवं होतं, टेबल उलथायला हवं होतं. ते उभे राहिले, आणि बोटातलं रक्त फरशीवर पडू नये म्हणून त्यांनी रुमाल गुंडाळला. निघताना मोडलेली दोन अर्धुकं तेवढी खिशात टाकली. कमांडरनी ते पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

अहवालात लिहिलं होतं: पहिल्या तीन नोंदी चाचणी करणाऱ्याचा हात स्थिर नसल्याने रद्द. फेरचाचणीत प्लेट पास.

*

त्या महिन्यातच मामांना निवृत्त केलं. समारंभ झाला. मोठ्या साहेबांनी भाषणात हातगुणाचा उल्लेख केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. भेट म्हणून त्यांचा तो चिमटा चकचकीत निकेल चढवून लाकडी पाटावर बसवून दिला. अभ्रा कुठे टाकला कुणाला ठाऊक नव्हतं. मास्तरीण समारंभाला आली नाही. मामांनी फळीवरचा ठोकळा बघायला चाचणीघरात डोकावलं, तर फळी रिकामी होती. सगळं भट्टीत गेलं होतं. भिंतीवरचा खिळाही उपटला होता. तिथे गिलाव्याला एक भोक होतं. टाकीत दोन नवे चिमटे बुडवून ठेवले होते, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

त्यांनी दोन पत्रं लिहिली, एक न्यायाधीशांना, एक वर्तमानपत्राला. न्यायाधीशांकडून पोच आली. वर्तमानपत्राकडून तीही नाही. कोर्टात मामांनी साक्ष दिली. सरकारी वकिलाने एकच विचारलं, "आरोपी आपले कोण?" मामांनी सांगितलं. वकील बसला. अहवाल समोर होताच.

दोन वर्षांची शिक्षा झाली, तुरुंगात हजर व्हायला थोडी मुदत मिळाली.

निकालाच्या संध्याकाळी जावई, मुलगी आणि मामा तिघं स्वयंपाकघरात बसले होते. मामांनी खिशातून अर्धुकं काढून टेबलावर ठेवली. इतके दिवस धीर झाला नव्हता. जावयाने एक उचललं, अंगठ्याने मोडलेली बाजू चाचपली.

"ही आपली प्लेट?"

"तीच."

"कोर्टात बोललात ते मला वाचवायला, असंच वाटलं होतं. म्हणजे माझा सांधा..."

"तुमचा सांधा धड होता जावईबापू. कमांडरही म्हणाले."

जावयाने डोळे मिटले. कितीतरी आठवड्यांनी त्याचे खांदे खाली आले. मग डोळे उघडून म्हणाला, "पाण्यातल्या सातांपैकी सहा जहाजांवरही माझेच सांधे आहेत मामा. तुमच्याच प्लेटांवर."

मुलगी उठली, बापाकडे न बघता तिने गॅस बंद केला आणि आत गेली. त्यानंतर ती बापाशी बोलली, पण कामापुरतंच. बाबा, बस किती वाजता. बाबा, पाणी हवं का.

तुरुंगाच्या फाटकापर्यंत मामाच जावयाबरोबर गेले. मुलगी म्हणाली, मला बघवणार नाही. फाटकावरच्या शिपायाने जावयाचे खिसे तपासले. रुमाल, कंगवा, आणि मुठीतलं ते अर्धुक.

"हे काय?"

"पुरावा," जावई म्हणाला.

शिपाई हसला. वाईट माणूस नव्हता. "मग कोर्टात द्यायचा ना राव! लोखंड आत नेता येत नाही." त्याने ते मामांच्या हातात ठेवलं.

जावई वळून गेला. दार लागलं. बाहेर कडाक्याचा गारठा होता, श्वासाची वाफ होत होती. जावयाने सगळी वाट ते मुठीत घट्ट धरलं होतं, त्यामुळे तुकडा गरम लागत होता. मामांनी तो बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग मूठ उघडली, आणि तो पुरता गार होईपर्यंत उघडीच ठेवली.